हात आवरण्याची तालीम

कराटेचा सामना पहिल्यांदाच पाहणारा माणूस एका गोष्टीने हमखास चक्रावतो. एका पोराचा ठोसा समोरच्याच्या नाकावर सणसणीत बसतो, समोरचा मागे कोलमडतो, पालकांच्या घोळक्यातून टाळ्याही पडतात आणि पंच ताकीद देतात ती मारणाऱ्याला! पुन्हा तेच केलं तर तो बादही होऊ शकतो. जागतिक कराटे महासंघाच्या नियमांप्रमाणे जायबंदी करणारा, आवर न घातलेला फटका हा गुन्हा आहे. गुण मिळतो तो वेगाने सुटलेल्या, नेमका पोचलेल्या आणि ऐन क्षणी रोखलेल्या फटक्याला. लहान मुलांच्या गटात तर चेहऱ्यापासून काही सेंटीमीटरवर थांबलेला ठोसाही गुणाला पात्र ठरतो, आणि चेहऱ्याला नुसता स्पर्श झाला तरी दंड बसतो. त्याच नियमावलीत आणखी एक कलम आहे: काही लागलेलं नसताना लागल्याचं सोंग करणाऱ्यालाही शिक्षा. मारकुटा आणि नाटक्या, दोघांचीही सोय लावून ठेवली आहे.

ही नियमावली भिलाईतल्या पालकांनी एकदा वाचायला हवी. कारण मे महिना जवळ आला, की इथल्या चौकाचौकांत समर कॅम्पचे फलक लागतात आणि कराटे, तायक्वांदो, ज्युदोच्या जाहिरातींवर तीन शब्द हटकून असतात: शिस्त, आत्मविश्वास, संस्कार. लाथा-बुक्क्या शिकून संस्कार कसे काय होतात, हा प्रश्न आजीला पडतो. तो अगदी रास्त प्रश्न आहे, आणि फलकावर त्याचं उत्तर नसतं.

भिलाई हे मुळात कारखान्याने वसवलेलं शहर. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. दुर्गच्या शेजारच्या माळावर सेक्टर उभे राहिले आणि त्यांत देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं येऊन राहिली. मुंबई-हावडा लोहमार्गावर नागपूर काही तासांच्या अंतरावर, त्यामुळे विदर्भातलीही पुष्कळ कुटुंबं इथे आली. घरात वऱ्हाडी किंवा झाडीकडची मराठी, अंगणात हिंदी आणि बाजारात छत्तीसगढी अशा तीन भाषांत इथली मराठी मुलं वाढतात. सेक्टरांच्या आखणीत शाळा, इस्पितळ आणि बाजारासोबत खेळाची मैदानंही आली. जयंती स्टेडियम आणि पंत स्टेडियम ही नावं इथल्या पोरांना पत्त्यासारखी पाठ असतात.

अशा शहरात संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला कुठल्याही ज्युदोच्या वर्गाच्या दाराशी उभं राहिलं, की संस्काराचं काम नेमकं कुठे चालतं ते दिसायला लागतं. दाराबाहेर चपला-बुटांची रांग. वाकड्या पडलेल्या चपला कुणीतरी सातवी-आठवीतला पोरगा पायाने सरळ करतो, तेव्हा आतून आवाज येतो, ‘‘हाताने!’’ मग तो ओशाळून खाली वाकतो. मॅटवर पाऊल ठेवण्याआधी वाकून नमस्कार, जोडीदाराला नमस्कार, आणि मग पहिले कितीतरी दिवस नुसतं पडणं. समोरच्याला पाडायला शिकण्याआधी स्वतः पडायला शिकायचं. हनुवटी छातीला चिकटवायची म्हणजे डोक्याचा मागचा भाग जमिनीवर आपटत नाही, हात अंगापासून थोडा तिरका ठेवून तळव्यापासून कोपरापर्यंत सपाट आपटायचा म्हणजे धक्का पसरतो, श्वास सोडायचा. शंभरदा पडल्यावर अंग आपोआप गोल होतं आणि पडण्याची धास्ती जाते.

खरी मेख त्याच्यापुढे आहे. मूल दुसऱ्याला फेकायला लागतं तेव्हा त्याचा एक हात समोरच्याच्या बाहीला धरलेला असतो. फेकलेला मुलगा जमिनीला टेकायच्या क्षणी ती बाही वर ओढून धरायची असते. ती सोडली तर खालच्याचं डोकं आपटू शकतं. म्हणजे ज्याला आपण आपटलं, त्याची मान सांभाळायची जबाबदारी आपलीच! गळ्याची किंवा हाताची पकड बसली की खालचा मुलगा मॅटवर दोनदा थाप मारतो, आणि वरच्याने त्याच क्षणी सोडायचं. अर्धा सेकंद उशीर झाला तरी प्रशिक्षकाची नजर तिथे जाते. घरी भावाला दाबून धरताना ‘‘सोड म्हटलं ना’’ हे दहा वेळा ऐकून न सोडणारा पोरगा इथे दोन थापांवर सोडायला शिकतो. कारखान्यात काम करणाऱ्या बापाला यातला अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. यंत्र बंद केल्याची पाटी लागल्याशिवाय आत हात घालायचा नाही, हा त्याच्या रोजच्या कामातला नियम असतो, आणि तोही असाच अंगात मुरवावा लागतो.

या सगळ्यात प्रवचन कुठेच नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. वर्ग संपताना म्हणायच्या प्रतिज्ञा असतात. तायक्वांदोत सौजन्य, सचोटी, चिकाटी, आत्मसंयम आणि अदम्य वृत्ती अशी पाच तत्त्वं पाठ करून घेतात. पोरं ती पाढ्यांसारखी म्हणतात आणि पाढ्यांसारखीच विसरतात. काम करतात ती बाही, ती थाप आणि ‘थांबा’ म्हटल्यावर थांबणं. मार्शल आर्टचा मुलाच्या स्वभावावर परिणाम होत असेल, तर तो अशा बारीकसारीक सक्तींमधून होतो, आणि त्या सक्ती पाळून घेणारा माणूस कसा आहे यावर त्याची दिशा ठरते.

अभ्यासकांनीही हे तपासून पाहिलं आहे, आणि त्यांची उत्तरं जाहिरातदारांना आवडतील अशी नाहीत. १९८६ साली अमेरिकेत मायकेल ट्रुल्सन यांनी वाह्यात वळणाला लागलेल्या किशोरवयीन मुलांचे तीन गट करून सहा महिने प्रयोग केला. पहिल्या गटाला पारंपरिक तायक्वांदो शिकवलं, म्हणजे ध्यान, शिष्टाचार, तत्त्वं आणि मग लढत. दुसऱ्याला नुसती लढाई. तिसऱ्याला धावणं आणि बास्केटबॉलसारखे खेळ. पहिल्या गटातली आक्रमकता उतरली. दुसऱ्या गटात ती चढली. एकच कला, तेच हातपाय, आणि निकाल उलटसुलट! मुलं अवघी ३४ होती, त्यामुळे या एका प्रयोगावर इमले बांधू नयेत हे खरं. पण नॉर्वेतल्या एंड्रेसन आणि ओल्वेउस या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास पुष्कळ मोठा होता. ११ ते १३ वर्षांची मुलं दोन वर्षं त्यांच्या नजरेखाली होती. बॉक्सिंग, कुस्ती, वजन उचलणं, कराटे असे ताकदीचे खेळ खेळणाऱ्या मुलांत मैदानाबाहेरची मारामारी आणि बेशिस्त वाढलेली त्यांना दिसली. त्याच्या उलट, लेक्स आणि हॉइट यांनी २००४ साली अमेरिकेतल्या एका शाळेत तीन महिने तायक्वांदो शिकवून पाहिलं, तेव्हा नेहमीच्या पी.टी.च्या तासाला जाणाऱ्या मुलांपेक्षा या मुलांचा स्वतःवरचा ताबा जास्त सुधारला. तिथे प्रत्येक तासाला मुलांनी स्वतःला विचारायचे काही प्रश्न ठरलेले होते: मी आत्ता कुठे आहे, काय करतोय, काय करायला हवं.

सगळ्यात कडू उदाहरण मात्र जपानचं आहे, म्हणजे जिथून हे सारं आलं तिथलंच. ज्युदोचे जनक कानो जिगोरो हे पेशाने शिक्षक. त्यांनी १८८२ साली टोकियोच्या एका बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत ज्युदो सुरू केला तोच मुळी शिक्षणाचा भाग म्हणून. पुढे शिक्षक घडवणाऱ्या संस्थेचे ते कित्येक वर्षं प्रमुख होते. त्यांची दोन सूत्रं होती: शक्तीचा उत्तम वापर, आणि आपलं व समोरच्याचं दोघांचंही कल्याण. त्याच जपानमध्ये १९८३पासूनच्या पावणेतीन दशकांत शाळांमधल्या ज्युदोत शंभरहून अधिक मुलं दगावली, हे र्यो उचिदा या प्राध्यापकांनी आकडे मांडून दाखवलं. बरीचशी मुलं नवशिकी होती. डोकं आपटून गेली. ज्येष्ठांनी कनिष्ठांना ‘घट्ट करायचं’, दमलेल्या पोराला आणखी आपटायचं, तक्रार केली तर तो लेचापेचा ठरायचा. शिस्त आणि चिकाटी हेच शब्द तिथेही भिंतीवर होते. बोभाटा झाल्यावर नियम बदलले, प्रशिक्षकांना डोक्याच्या दुखापतीचं शिक्षण दिलं गेलं आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले.

आपल्याकडे तालमीचा इतिहास जुना आहे आणि त्यातला चारित्र्याचा भाग पुस्तकी नाही. पुण्याच्या गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. लहुजी मातंग समाजातले; पेशवाई बुडालेली, आणि अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हाताखाली दांडपट्टा फिरवायला, नेमबाजी शिकायला नाना जातींची पोरं येत होती. जोतीराव फुले त्यांतले एक. हौद्यातल्या मातीत उतरलेल्या माणसाला जोडीदाराची जात पाळता येत नाही. घाम आणि माती दोघांची एकच होते. जोतीरावांच्या पुढच्या आयुष्यात या तालमीचा वाटा किती हे मोजता येणार नाही, पण चरित्रकार एक प्रसंग सांगतात तो इथे आठवल्याशिवाय राहत नाही. १८४८ साली मुलींची शाळा काढल्यानंतर फुल्यांना शत्रू पुष्कळ झाले होते. एका रात्री रोडे आणि धोंडिराम कुंभार असे दोन मारेकरी पैसे घेऊन त्यांच्या घरात शिरले. दांडपट्टा शिकलेल्या या माणसाने त्यांना सांगितलं, माझ्या मरणाने तुमचं भलं होणार असेल तर मारा. दोघेही शरण आले. पुढे रोडे त्यांच्या सोबतीला राहिला आणि धोंडिराम शिकून सत्यशोधक झाला. अंगात बळ नसलेल्या माणसाने हे म्हटलं असतं तर ती अगतिकता ठरली असती.

लहुजींच्या नात्यातली मानली जाणारी मुक्ता साळवे ही मुलगी फुल्यांच्या शाळेत शिकली आणि १८५५ साली तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. तालमीतून शाळेकडे गेलेली ही वाट आपल्या शारीरिक शिक्षणाच्या पाठ्यपुस्तकात सापडत नाही, हे नवल आहे.

बडोद्याचं उदाहरण तितकंच बोलकं. तिथले जुम्मादादा हे मुसलमान वस्ताद आणि त्यांचे पट्टशिष्य प्रा. माणिकराव हे मराठी ब्राह्मण. गुरूमागून आखाड्याची धुरा माणिकरावांकडे आली आणि त्यांनी व्यायामशाळेला नाव ठेवलं ते गुरूचं: जुम्मादादा व्यायाम मंदिर. सामुदायिक कवायतीसाठी देशी भाषेतल्या आज्ञा रुजवण्याचं कामही माणिकरावांनी केलं. गुरूबद्दलची निष्ठा म्हणजे काय, हे प्रतिज्ञेत घोकण्यापेक्षा त्या पाटीवरच्या नावात जास्त कळतं.

आणि भिलाईतल्या वऱ्हाडी कुटुंबांच्या जवळची संस्था म्हणजे अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेला आखाडा. हुतात्मा राजगुरूंनी इथे व्यायामाचे धडे घेतल्याचं सांगतात. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डी, मल्लखांब, लेझीम अशी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. आज तिथे शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय आहे, आणि मध्य भारतातले कितीतरी क्रीडाशिक्षक तिथून शिकून बाहेर पडले.

मल्लखांबाचा उल्लेख आला तर भिलाईपासून बस्तरच्या दिशेने वळणं भाग आहे. मल्लखांब ही लढाई नव्हे, मल्लांचा व्यायाम. चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख येतो. पण आजच्या मल्लखांबाला वळण दिलं दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभट दादा देवधरांनी. निजामाच्या पहिलवानांचं आव्हान स्वीकारून या कोवळ्या पोराने कुस्ती मारली आणि माकडांच्या उड्या पाहून मल्लखांब घडवला, अशी आख्यायिका आहे. बाजीराव ब्रह्मावर्ताला गेले तेव्हा ही विद्याही त्यांच्यासोबत गंगेकाठी गेली. मुंबईत दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराने ती १९२५पासून जपली. तिथले उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलांनाही खांबावर चढवलं, आणि २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

याच मल्लखांबाचा सर्वांत अनपेक्षित बहर आला तो छत्तीसगडच्या नारायणपूर जिल्ह्यात. भिलाईच्या भट्ट्यांना लागणारं लोहखनिज पूर्वीपासून दल्ली-राजहराच्या खाणींतून येतं. तो साठा सरत आल्यामुळे पुढची भिस्त आहे नारायणपूर-कांकेरच्या सीमेवरच्या रावघाटवर, आणि तिथे जाणारा लोहमार्ग टप्प्याटप्प्याने जंगलात सरकतो आहे. त्या रावघाटच्या पलीकडे अबूझमाड: सुमारे ४,००० चौरस किलोमीटरचा डोंगराळ मुलूख, गडचिरोलीला खेटलेला, कित्येक दशकं माओवाद्यांच्या सावलीत राहिलेला. तिथल्या आदिवासी मुलांना मनोज प्रसाद या छत्तीसगड पोलिसांच्या विशेष कृती दलातल्या जवानाने मल्लखांब शिकवायला सुरुवात केली. बंदूक हाती असलेल्या माणसाने पोरांना लाकडाच्या खांबाशी नेलं, ही गोष्ट त्या मुलखात किरकोळ नव्हती.

मुलं राहायला आली, शाळेत जाऊ लागली, स्पर्धांत उतरली. जून २०२२मध्ये पंचकुल्याला झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत मल्लखांब, कलरीपयट्टू, थांग-ता, गतका आणि योगासन या देशी प्रकारांना पहिल्यांदा स्थान मिळालं, त्यामुळे अशा मुलांना राष्ट्रीय पातळीचं दार उघडलं. आणि २०२३च्या नोव्हेंबरमध्ये ‘इंडियाज गॉट टॅलेंट’चा दहावा हंगाम अबूझमाडच्या या चमूने जिंकला. टीव्हीवर लोकांना दिसले ते वर हात पसरून तोललेले चिमुरडे. पण मनोऱ्यात सगळ्यात कठीण जागा असते ती खालच्याची. त्याच्या खांद्यावर तीन-चार जणांचा भार, कॅमेरा वर लागलेला, खांबाला एरंडेलाचा हात फिरवलेला, आणि आपण हललो तर वरचा पडेल याची जाणीव. वजनदार पोराने खाली राहायचं हे रोजचं ठरलेलं असतं, आणि त्याबद्दल कुरकुर करणाऱ्याला चमूत जागा उरत नाही.

भिलाईच्या वर्गांत मात्र अडचण वेगळी आहे आणि ती खेळातली नाही. भिलाई हे जेईईच्या तयारीसाठी नाव कमावलेलं शहर. सिव्हिक सेंटरच्या आसपास कोचिंग क्लासच्या पाट्या मोजायला बसलं तर संध्याकाळ जाईल. आठवीपर्यंत मॅटवर नेमाने येणारी मुलं नववीत गेली की पहिल्यांदा शनिवारी दिसेनाशी होतात, मग सगळेच वार. नेमकं ज्या वयात राग अंगात उसळतो, वर्गातली दादागिरी सुरू होते, मोबाइलवर भांडणं होतात, त्या वयात हात आवरण्याची सवय सुटते. मुलींचं तर आणखी लवकर. समग्र शिक्षा अभियानात सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी ‘रानी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण’ आहे, ते छत्तीसगडमध्येही चालतं. पण ते तीन महिन्यांचं. तीन महिन्यांत मुलीला मनगट सोडवायच्या दोन-तीन युक्त्या येतात आणि मोठ्याने ओरडायची लाज जाते. एवढंही थोडं नाही. पण त्याला चारित्र्यघडण म्हणणं म्हणजे फलक लिहिणाऱ्याची भाषा झाली.

दुसरी अडचण पट्ट्यांची. कानोंनी मुळात पांढरा आणि काळा एवढेच पट्टे ठेवले होते. पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा अशी रंगांची शिडी पुढे युरोपात, मुख्यतः १९३०च्या दशकातल्या पॅरिसमध्ये कावाईशी या ज्युदो शिक्षकामुळे रुळली. मुलांचा हुरूप टिकावा हा हेतू. हेतू चांगलाच होता. पण प्रत्येक रंगाला परीक्षा, प्रत्येक परीक्षेला शुल्क आणि प्रमाणपत्राची चौकट हा हिशेब जमला, आणि नापास कुणीच होईना. जिथे कुणी नापास होत नाही तिथे चिकाटी शिकवली जात नाही, उधारीवर काळा पट्टा मिळतो. पालकांनाही त्याचं वावडं नसतं. फोटो छान येतो.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड आहे आणि म्हणून बहुतेक लेखांत नसते. ‘गुरूचा शब्द म्हणजे शब्द’ ही तालमीची ताकद आहे आणि तोच तिचा धोकाही. २०२३ साली साक्षी मलिक, विनेश फोगाट आणि बजरंग पूनिया दिल्लीच्या जंतर-मंतरवर बसले, तेव्हा कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप होते. प्रकरण न्यायालयात गेलं. ऑलिंपिकमध्ये देशासाठी पदक आणलेल्या मल्लांना दाद मागायला फूटपाथवर झोपावं लागत असेल, तर गल्लीतल्या वर्गात दहा वर्षांची मुलगी ‘‘सर असं करतात’’ हे कुणाला सांगेल? वाकून नमस्कार करायला शिकवणाऱ्या वर्गाने, नमस्काराच्या पलीकडचं काही झालं तर ओरडायलाही शिकवायला हवं. काही चांगले प्रशिक्षक पहिल्याच आठवड्यात हे पालकांसमोर सांगतात. बहुतेक जण सांगत नाहीत. त्यांच्या मनात पाप असतंच असं नाही, पण विषय काढायचा संकोच असतो.

म्हणून भिलाईत, नागपुरात, कुठेही मुलाचं नाव घालायच्या आधी पालकाने निदान एक संध्याकाळ तिथे बसून राहावं. फलकाकडे आणि भिंतीवरच्या पदकांकडे पाहू नये. सगळ्यात कच्च्या मुलाकडे पाहावं: तो पडल्यावर कोण हसतं, आणि हसणाऱ्याला कोण काय म्हणतं. थोराड मुलाची जोडी लहानाशी लावली असेल तर थोराड कसा खेळतो. पालकांना बसायला मनाई असेल तर तिथूनच परत फिरावं. नवशिक्याला पहिल्या आठवड्यात पडायला शिकवतात की थेट फेकाफेकी, हेही दिसतंच. डोक्याला मार लागला तर मूल पुन्हा मॅटवर केव्हा येतं हे विचारावं. ‘‘पाणी मारलं की झालं’’ असं उत्तर आलं तर जपानची ती मुलं आठवावीत. शुल्काची चौकशी शेवटी. आणि प्रशिक्षकाला आणखी एक गोष्ट जरूर विचारावी: एखादं मूल आलं आणि म्हणालं, आज मला लढायचं नाही, तर तुम्ही काय करता? काही जण छाती काढून सांगतात, आमच्याकडे असलं चालत नाही. काही जण थोडा वेळ विचार करतात, मग विचारतात, का म्हणाला असेल तो?